डोंबिवली लोकल आणि पांढरे स्नीकर्स

प्रश्न : ताई, पहिली नोकरी लागली, ऑफिस अंधेरीला. शुक्रवारी जीन्स चालते, तर बास्केटबॉलवाल्यांसारखे घोट्याखालचे पांढरे स्नीकर्स घ्यायचेत. आठ हजारांपर्यंत जाईन. मित्र म्हणतो, लिंकिंग रोडवर हुबेहूब तसेच दीड हजारात मिळतात. माझा पाय चवड्यात रुंद आहे. काय बघून घेऊ? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी अभिनंदन! मित्राचं मात्र ऐकू नकोस. हे बूट वर्षानुवर्षं टिकतात ते सोलच्या शिवणीमुळे. रबराचा सोल वाटीसारखा असतो, वरचा भाग त्यात बसवून कडेनं दोरा फिरवतात. नकली जोडीत बरेचदा ती शिवण साच्यात नुसती उठवलेली असते. सोल एकट्या सोल्युशनवर तग धरून असतो आणि जुलैत दादरचा पूल उतरताना बूट तोंड वासतो. दुकानात कडेवरून नख फिरव, दोरा असेल तर हाताला लागतोच. मग चवड्यापाशी बूट वाकव. चामड्यावर बारीक सुरकुत्या येतात आणि सोडलं की बऱ्याचशा विरतात. रेक्झिनवर एकच करकरीत घडी पडते, पुढे ते तिथेच सोलतं.

मॉडेल कुठलं? कॉन्व्हर्सचा घोट्याखालचा चक टेलर १९५७ पासून आहे. तो कापडी आणि हलका, पण पुढून निमुळता, तुझ्या पायाला काचेल. प्यूमा स्वेड १९६८चा. मला स्वतःला तो सगळ्यांत देखणा वाटतो, पण स्वेड म्हणजे मखमलीसारखी लव असलेलं चामडं, त्याचं आणि आपल्या पावसाचं जमत नाही. तुझ्यासाठी मी आदिदासचा सुपरस्टार किंवा नायकीचा एअर फोर्स वन सुचवेन. एअर फोर्स वन १९८२ साली खेळाडूंसाठीच निघाला. तळवा उलटा करून बघ, चवड्याखाली गोल गोल वर्तुळं दिसतील. एका पायावर गर्रकन वळता यावं म्हणून ती आहेत. बजेटमध्ये बसत नसेल तर सेलची वाट बघ, पण शिवणीवर तडजोड नको.

मापाचं म्हणशील, तर नुसत्या यूके नंबरावर जाऊ नकोस, तो कंपनीगणिक बदलतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला लावून उभा राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोज. खोक्यावर सेंटिमीटरही बरेचदा छापलेले असतात. दुकानात मोजे घालून, दोन्ही पायांत बूट चढवून चालून बघ. करंगळी दबत असेल तर ‘वापरून सैल होतील’ या विक्रेत्याच्या शब्दावर घेऊ नकोस. सैल होईपर्यंत करंगळीला घट्टा पडतो.

पावसाळ्यात लोकलला फ्लोटर्स घाल, हे ऑफिसात ठेव. तरी भिजलेच तर नाडी आणि आतली गादी काढ, वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि पंख्याखाली ठेव. उन्हात नको, पांढरं रबर पिवळं पडतं. आणि शुक्रवारपुरतेच राखून ठेवू नकोस, आठवड्यातून दोन-तीनदा घाल. खोक्यात घालून माळ्यावर टाकलेत तर आपल्या दमट हवेत सोलमधला पॉलियुरेथेनचा फोम आपोआप कमजोर होतो आणि न वापरलेल्या बुटाचाही भुगा पडतो.