डिसेंबरात नागालँडला जातोय. प्रवासापुरती नागामीज शिकता येईल का? हिंदी-इंग्रजीवर भागेल ना?

दिमापूरला हिंदीवर भागतं, कोहिम्यात इंग्रजीवर. राज्याची राजभाषाच इंग्रजी आहे. पण गावाकडची सुमो पकडलीत की दोन्हींचा जोर ओसरतो. अंगामी, आओ, सुमी, कोन्याक या नागा जमातींच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत, म्हणून बाजारात त्यांचं आपसात चालतं ते नागामीजमध्ये. शब्द बहुतेक आसामीतले, व्याकरण मात्र वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. कामासाठी तिकडे तीन महिने होतो, तेव्हा पंधरा दिवसांत माझं पोटापुरतं भागायला लागलं.

पहिला शब्द शिका 'लागे', म्हणजे हवं. 'पानी लागे', 'भात लागे'. नको असेल तर 'नालागे'. कोहिम्यात राइस हॉटेल अशी पाटी लावलेल्या छोट्या खाणावळी असतात. तिथे मावशी भाताचं पातेलं घेऊनच फिरतात. 'आरु लागे?' म्हणजे आणखी हवाय का. पहिल्या दिवशी मी ताटावर हात आडवा धरून 'नको नको' करत होतो, तरी भात पडतच होता. शेजारचा हसून म्हणाला, 'नालागे बोल.' मला एकदम आजीच्या भजनातला 'नलगे' आठवला. तोच की!

क्रियापदाला ना लिंग, ना वचन. हिंदीत 'गाडी जाता है' म्हणून हसू करून घेणाऱ्या माझ्यासारख्याला हे वरदान. मोई (मी), आपुनी (तुम्ही), ताई (तो किंवा ती), सगळ्यांना एकच रूप. फक्त शेपटी बदलते: 'मोई खाई आसे' खातोय, 'मोई खाईसे' खाल्लं, 'मोई खाबो' खाईन. नकाराला आधी 'ना' लावायचा, 'नाखाई'. सांगायचं-मागायचं असेल तर 'बी': 'पानी दिबी'. आपल्या 'चा-ची-चं'च्या जागी 'लागा' घाला. 'आपुनी लागा नाम की आसे?' म्हणजे तुमचं नाव काय.

सुमो स्टँडवर एवढं पुरतं: 'कोहिमा जाबो?', 'केतिया जाबो?' (कधी), 'किमान लागे?' (किती लागतील). किमानचा आपला अर्थ डोक्यातून काढून टाका, नाहीतर उगाच कमीत कमी भावाची आशा लागते. उतरताना 'मोई इयाते नामिबो', मी इथे उतरतो. समोरचा भरभर बोलत सुटला तर 'लाहे लाहे कोबी', हळूहळू सांगा. आभारांसाठी साधं 'थँक यू' चालतं.

शाकाहारी असाल तर इथे नीट लक्ष द्या. 'मास' म्हणजे मासळी, आणि मांसाला म्हणतात 'मांगसो'. मी मोठ्या ऐटीत 'मोई मास नाखाई' सांगितलं. मावशींनी समजुतीने मान डोलावली आणि वाफाळतं डुकराचं मटण पुढ्यात ठेवलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, मी मासळीच नको म्हणालो होतो. तेव्हा 'मांगसो नाखाई, मास भी नाखाई' असं दोन्ही म्हणा. डुकराला 'गाहोरी' म्हणतात, तोही शब्द कानात ठेवा. अखुनीच्या वासाने मात्र दचकू नका, ते आंबवलेलं सोयाबीन असतं.

कान तयार करायला आकाशवाणी कोहिमाच्या नागामीज बातम्या ऐका. लिहिताना लोक रोमन लिपी वापरतात, तेव्हा मेसेजही वाचता येतील. ज्यांना इंग्रजी सराईत येतं ते तुम्हाला इंग्रजीतच उत्तर देतील. आपण मात्र सुरुवात नागामीजने करावी, चेहरा लगेच मोकळा होतो. इनर लाइन परमिट (राज्यात शिरायचा परवाना) निघण्याआधीच काढा, हल्ली दिमापूरलाही लागतं. रविवारी जवळपास सगळं बंद असतं आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं, त्या हिशेबाने गाड्या पकडा.

आणि 'काली'. एका संध्याकाळी सुमोवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, 'काली जाबो.' मी समजलो गाडी कालच गेली आणि चुकचुकत खोलीवर परतलो. शेपटीतला 'बो' ऐकला असता तर कळलं असतं, गाडी उद्याची होती.