सपाट तळपाय असतील तर टेकडी चढताना घोट्याच्या आतल्या बाजूला का दुखतं? टेकडी बंद करावी का?

सपाट रस्त्यावर तासभर चाललं तरी काही होत नाही, पण पुण्यातल्या वेताळ टेकडीचा चढ लागला की घोट्याच्या आत ठसठसतं, असं तुम्ही लिहिलंय. माझेही तळपाय तसेच. आंघोळ करून बाहेर आलो की शहाबादी फरशीवर अख्खा पाय उमटतो, मधली खाच नाहीच. चपलाही आतल्या कडेनं झिजतात. डॉक्टर नाही, पण ही वाट पायाखालची आहे.

चढावर टाचेवरचा भार कमी होऊन चवड्यावर जातो. हे सगळ्यांचंच होतं. आपली गोची पुढे आहे. चढावर टाच खाली आणि बोटं वर, म्हणजे घोटा नेहमीपेक्षा जास्त वाकायला हवा. पोटरी आखडलेली असेल तर तो वाकत नाही आणि पाय पळवाट काढतो: तळव्याचा मधला भाग आत खचतो. आपली कमान आधीच बसलेली, त्यात हे. दाब अंगठ्याच्या मुळाशी आणि आतल्या कडेला येतो. कमान उचलून धरणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, घोट्याच्या आतल्या हाडामागून जाते, ती दर पावलाला ताणली जाते. तुमची ठसठस बहुधा तिचीच.

मी आधी इनसोलच्या मागे लागलो. दुकानदारानं टणक, उंच कमानीची जोडी गळ्यात मारली. आठवड्यात तळव्याला घट्टा पडला. फरक पडला तो पोटरीमुळे. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, अर्धा मिनिट. पाऊल मात्र समोर रोखलेलं हवं. फेंगडं ठेवलंत तर ताण पोटरीला न बसता कमानच खचते आणि आपल्याला वाटतं व्यायाम झाला.

गंमत म्हणजे पर्वतीच्या 103 पायऱ्या मला टेकडीच्या चढापेक्षा सोप्या जातात. पायरी आडवी असते. टाचेसकट पूर्ण पाऊल टेकवलं की घोट्याला तेवढं वाकावं लागत नाही. टेकडीवरही खडा चढ सरळ न घेता घाटरस्त्यासारखा नागमोडी घ्या, पावलं आखूड टाका. आणि टाचेला घट्ट धरणारे बूट घाला, सपाट चपला नकोत.

तेव्हा टेकडी बंद करू नका, महिनाभर कमी चढाच्या वाटेनं जा. पण आधी एक करून बघा. भिंतीला धरून चवड्यांवर उभे राहा. कमान दिसायला लागली आणि टाचा किंचित आत वळल्या तर पाय लवचिक आहे, वरचं सगळं तुम्हाला लागू. कमान उमटलीच नाही, एका पायावर टाच उचलताच येत नसेल, किंवा घोट्याच्या आत सूज असेल, तर मात्र टेकडी थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ती कंडरा हळूहळू निकामी होत असेल तर पोटरी ताणून भागत नाही.