इंग्लंडमधल्या जुन्या गावांत टाउन हॉल खांबांवर का बांधलेले दिसतात? खालचा मजला रिकामा का?

पूर येतो म्हणून, असं मलाही आधी वाटायचं. पण तो मजला रिकामा नव्हताच मुळी, तिथे बाजार भरायचा.

तिकडे आठवडी बाजार भरवायला राजाची सनद लागे. सनद हाती आली की विकणाऱ्यांकडून पट्टी वसूल करता यायची, म्हणजे गावाच्या धन्याला घरबसल्या उत्पन्न. लोणी, चीज, कोंबड्या घेऊन येणारी माणसं पावसात भिजली तर पुढच्या खेपेला दुसऱ्या गावी जाणार. मग चौकात छप्पर आलं. छप्पर घालायचंच तर वर एक दालन का नको? धान्य साठवायला, सभेला, नाहीतर कोर्टाला. लेडबरीचं मार्केट हाउस १६ ओक खांबांवर उभं आहे, १६१७ मध्ये काम सुरू झालेलं. वर आधी धान्यच असे.

याच कल्पनेचं श्रीमंत रूप बघायचं तर ॲबिंगडनला जा. तिथला काउंटी हॉल १६७८ ते १६८२ या काळात बांधला. बांधणारा क्रिस्टोफर केम्पस्टर हा लंडनमध्ये प्रसिद्ध वास्तुकार क्रिस्टोफर रेनच्या हाताखाली काम केलेला पाथरवट. ॲबिंगडन तेव्हा बर्कशर काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मुख्य ठिकाण होतं आणि रेडिंगशी त्याची चुरस चालू होती, म्हणून एवढा थाट. खाली उंच कमानींत बाजार, वर फिरत्या न्यायाधीशांचं कोर्ट. मला सगळ्यात आवडला तो जिना: मागच्या बाजूला वेगळ्या मनोऱ्यात काढलाय, त्यामुळे बाजाराची एक फूटही जागा अडत नाही. एवढं करून चुरस शेवटी रेडिंगनेच जिंकली, आणि १९७४ पासून तर गावच ऑक्सफर्डशरमध्ये गेलं. हॉलमध्ये आता संग्रहालय आहे. राज्याभिषेकासारख्या प्रसंगी गच्चीवरून लोकांवर बन फेकायची प्रथा मात्र टिकून आहे. असे जुने, वाळून कडक झालेले बन संग्रहालयाने जपून ठेवलेत!

विंडसरला गेलात तर गिल्डहॉलखालचे, म्हणजे तिथल्या टाउन हॉलखालचे, मधले खांब मान वर करून बघा. ते छताला टेकतच नाहीत. नगरपालिकेने भीतीपोटी खांब मागितले आणि रेनने मुद्दाम फट ठेवली, असं सांगतात. गोष्ट दंतकथाच असावी, पण फट खरी आहे.