एका युनिटमागे किती पाणी?

प्रश्न : गोव्यात कोळशावरचे वीजकेंद्र नाही. मग देशातल्या पाणीटंचाईचा आमच्या विजेशी संबंध काय? एक युनिट वीज करायला नेमके पाणी किती लागते? (वाचक, फोंडा)

उत्तर : केंद्र इथे नसले तरी वीज बहुतेक बाहेरचीच आहे : छत्तीसगडमधले कोरबा, मध्य प्रदेशातले विंध्याचल, दक्षिणेकडून रामगुंडम. कोरब्याला हसदेव नदीचे पाणी, रामगुंडमला गोदावरीचे. फोंड्यात पंखा फिरतो तेव्हा हसदेवच्या काठावर वाफ उडत असते.

हिशेब सोपा आहे. एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. केंद्राची कार्यक्षमता 37 टक्के धरली तर त्यासाठी कोळशातून सुमारे 9.7 मेगाज्यूल उष्णता लागते. त्यातले 3.6 वीज होतात, चिमणीवाटे आणि इतर गळतीत दीडेक मेगाज्यूल जातात. उरलेले साडेचार-पावणेपाच कंडेन्सरमधून, म्हणजे टर्बाइनमधून आलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागातून, थंड करणाऱ्या पाण्यात उतरतात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला 2.4 मेगाज्यूल लागतात. थोडी उष्णता हवा नुसती तापूनच घेऊन जाते, म्हणून हे तापलेले पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरमधून युनिटमागे साधारण पावणेदोन लिटर पाणी उडते.

पण वाफ क्षार मागे ठेवते. ते साचून नळ्यांवर खवले धरू नयेत म्हणून टॉवरमधले काही पाणी सतत सोडून द्यावे लागते. याला ब्लोडाउन म्हणतात. क्षार मूळ पाण्याच्या पाचपट होईपर्यंत पाणी फिरवता आले, तर सोडायचे पाणी वाफेच्या एक चतुर्थांश, म्हणजे 0.44 लिटर. पाणी आधीच गढूळ, जड असले आणि तिप्पटवरच थांबावे लागले, तर ते वाफेच्या निम्मे होते : 0.88 लिटर, दुप्पट. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हाच तिचे पाणी सगळ्यात वाईट असते. म्हणजे पाणी कमी मिळते, त्याच महिन्यात केंद्राची तहान वाढते.

बॉयलर, राख वाहून नेणे, वापराचे पाणी मिळून एकूण अडीच ते तीन लिटर. डिसेंबर 2015 च्या केंद्रीय अधिसूचनेने जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. 2017 पासूनच्या नव्या केंद्रांसाठी आधी अडीच ठरली होती, 2018 मध्ये ती तीनवर सैल झाली. महिन्याला 250 युनिट वापरणाऱ्या घरामागे 750 लिटर, छपरावरची एक टाकी. 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला की तासाला 1500 घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दीडशे टँकर, दर तासाला.

प्रश्न : मग देशाच्या वीज आराखड्यात हे पाणी कसे मोजायचे? वर्षाची सरासरी पुरत नाही का? (वाचक, मडगाव)

उत्तर : सरासरीच घात करते. सोलापूरचे 1320 मेगावॉटचे केंद्र घ्या. त्याला उजनी धरणाचे पाणी. तीन लिटरने दिवसाला 95 हजार घनमीटर. मार्च ते मे, नव्वद दिवसांचे 0.3 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). उजनीचा उपयुक्त साठा 53 टीएमसीच्या वर. त्यापुढे हे किरकोळच. अडचण प्रमाणाची नाही. अडचण आहे धरण कोणत्या महिन्यात कोणत्या पातळीवर आहे आणि रांगेत पुढे कोण आहे याची. टंचाईत पिण्याचे पाणी आधी; परळीचे केंद्र 2013 आणि 2015 साली पाण्याअभावी बंद पडले. मार्च 2016 मध्ये पश्चिम बंगालमधल्या फरक्क्याला वेगळेच घडले : गंगेत पाणी होते, पण तिचे पाणी आणणाऱ्या फीडर कालव्याची पातळी पंपांच्या तोंडाखाली गेली आणि 2100 मेगावॉटचे केंद्र थांबले.

म्हणून प्रत्येक केंद्राचा कागद वेगळा हवा. त्यावर पंपाच्या तोंडाची पातळी हवी, ती कुठल्या तारखेला गाठली जाते ते दहा वर्षांतल्या सर्वांत वाईट दोन वर्षांच्या नोंदींवरून काढलेले हवे, आणि केंद्राच्या स्वतःच्या तलावात किती दिवसांचे पाणी मावते तेही. मग एप्रिल-मेसाठी त्या केंद्राची क्षमता कमी करून धरायची. आणखी एक चूक नेहमी होते : दोन केंद्रे एकाच वेळी बंद पडणार नाहीत असे गृहीत धरले जाते. पाऊस कमी पडला की औष्णिक केंद्र आणि जलविद्युत दोन्ही एकदमच लंगडतात. कोयनेची 1960 मेगावॉट क्षमताही वीजनिर्मितीसाठी वर्षाला पश्चिमेकडे वळवायच्या 67.5 टीएमसीच्या मर्यादेत आहे. संध्याकाळच्या कमाल मागणीसाठी जपून ठेवलेले पाणी दुष्काळात शेतीला सोडावे लागले, तर ती वीज गेलीच.

प्रश्न : पाण्याशिवाय थंड करता येत नाही का?

उत्तर : येते. झारखंडमधल्या उत्तर करणपुरा केंद्रात हवेने थंड होणारे कंडेन्सर आहेत. पाणी बरेच वाचते, पण त्याच कोळशात वीज सहा-सात टक्के कमी मिळते आणि 42 अंशांच्या दुपारी, ऐन मागणीच्या वेळी, घट अजून वाढते. शहराजवळ सांडपाणी बरे : कोराडीला नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जाते, आणि 2016 च्या वीजदर धोरणाने सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पापासून 50 किलोमीटरच्या आतल्या वीजकेंद्रांना ते बंधनकारक केले आहे.

प्रश्न : म्हादई लवादाने कर्नाटकाला दिलेल्या 13.42 टीएमसीपैकी 8.02 टीएमसी जलविद्युतेसाठी आहे. ते पाणी 'संपत नाही' म्हणतात. मग गोव्याने काळजी करायची का? (वाचक, डिचोली)

उत्तर : संपत नाही हे खरे; टर्बाइनमधून गेलेले पाणी नदीत परत येते. पण कधी येते ते पाहायला हवे. जलाशय दिवसभर अडवून संध्याकाळी चार तासच सोडला, तर उरलेले वीस तास नदी बारीक राहते. उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी मांडवीत (म्हादईचेच खालचे नाव) वर चढते; त्याला रोखणारा गोड्या पाण्याचा रेटा तासातासाला हवा. रोजची सरासरी पाहून चालत नाही. मागणी करायची ती दर तासाच्या किमान प्रवाहाची आणि त्याच्या नोंदींची.

प्रश्न : छपरावरचे सोलर पॅनेल धुवायला पाणी लागतेच. मग बचत कसली? (वाचक, सांगे)

उत्तर : 3 किलोवॉटला सहा पॅनेल, सुमारे सोळा चौरस मीटर काच. एका धुण्याला पंचवीस लिटर पुरतात. महिन्यातून दोनदा धरले तरी पन्नास लिटर. वीज सुमारे 330 युनिट. तीच कोळशाची असती तर आठ-नऊशे लिटर. खाणपट्ट्यात लाल धूळ बसते, तिथे दर आठवड्याला धुवा; जून ते सप्टेंबर पाऊसच धुतो. सकाळी सातच्या आत धुवा, तापलेल्या काचेवर थंड पाणी पडले की ती तडकू शकते. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तांबूस डाग राहतात, म्हणून शेवटचा हात पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा. साबण नको, तारेचा घासणाही नको. लांब दांड्याला मऊ स्पंज बांधा.