सूत्रधार थकला की मोहीम थांबते

प्रश्न : आम्ही काही मित्र सांगलीत, विश्रामबागेत, दर रविवारी जमून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळत असू. दोघे नोकरीसाठी पुण्याला गेले आणि आमची मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा, अर्ध्यावर राहिली. मोबाइलवरील खेळांपुढे टेबलाभोवती बसून खेळायच्या अशा रोलप्लेइंग (प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका वठवायच्या) खेळांचे दिवस संपले, असे समजावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तसे समजू नये. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि त्याची मूळ प्रकाशनसंस्था टीएसआर कर्जात बुडून १९९७ मध्ये विकली गेली, तरी खेळ टिकला. २००८ ची चौथी आवृत्ती अनेक जुन्या खेळाडूंना रुचली नाही, तेव्हा आधीच्या नियमांवर बेतलेला 'पाथफाइंडर' हा खेळ दुसऱ्या प्रकाशकाने लगेच पुढच्या वर्षी आणला. सर्व्हर बंद पडला की संगणकावरचा ऑनलाइन खेळ संपतो. इथे मात्र जुने नियमपुस्तक आणि फासे घरात असले की पुरते.

ऱ्हास होतो तो खेळणाऱ्या मंडळींचा, आणि त्याचे मुख्य कारण माझ्या मते मोबाइल नाही. इतर खेळाडू आपापले पात्र घेऊन येतात, पण डन्जन मास्टरला, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराला, एका संध्याकाळच्या खेळासाठी कथा, नकाशे आणि शत्रू यांची तयारी आठवडाभर करावी लागते. हा भार वर्षानुवर्षे एकाच्याच खांद्यावर राहिला, तर तो थकल्यावर सगळेच थांबते. सूत्रधाराने कथा सांभाळायची आणि पात्रांनी संवाद जागीच रचायचे, ही रीत तुमच्या गावाला परकी नाही, कारण विष्णुदास भावे यांची १८४३ पासूनची सांगलीतील नाटके अशीच उभी राहत.

म्हणून लांबलचक मोहीम तूर्त बाजूला ठेवावी, एका बैठकीत संपणाऱ्या कथा घ्याव्यात आणि सूत्रधार आळीपाळीने बदलावा. पुण्याचे दोघे व्हिडिओ कॉलवरून सहभागी होऊ शकतील, पण टेबलाशी निदान तिघे असावेत, आणि त्यासाठी महाविद्यालयातील नवख्यांना बोलवावे. त्यांच्यापुढे जाडजूड पुस्तक न ठेवता तयार पात्र द्यावे. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले आहेत. त्यामुळे मूळ श्रेय नमूद करून त्यांतील आवश्यक भाग तुम्हाला मराठीत उतरवता येईल आणि पहिल्या बैठकीआधी नवख्यांना वाचायला देता येईल.