येऊरच्या चढावर चित्र कुठे तुटतं ते बघ

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आला तेव्हा मी जागीच होते, पण एवढं सगळं मोबाईलवर घाईघाईत लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर निवांत बसलेय. तू म्हणतेस महिनाभर रोज झोपताना डोळे मिटून स्वतःला बघतेस, बारीक झालेली, गळ्यात मेडल, ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनचा टीशर्ट, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि तरी उपवन तलावावरून येऊरच्या डोंगराचा चढ सुरू झाला की चौथ्या मिनिटाला पळणं सुटून पाय आपोआप चालायला लागतात. आणि शेवटी विचारलंस की माझ्यात विलपॉवरच नाहीये का. आहे गं. ऐरोलीचं ऑफिस, संध्याकाळची ट्रान्सहार्बर लोकलची गर्दी, घरी आल्यावर आईला मदत, आणि एवढं करून जी मुलगी पहाटे साडेपाचचा अलार्म लावते तिच्यात विलपॉवर नाही असं मला कुणी सांगायचं नाही. तू चित्र चुकीचं बघतेयस, एवढंच.

गॅब्रिएल ओटिंगन म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1991 साली एक अभ्यास छापला होता, वजन कमी करायच्या प्रोग्रॅममध्ये आलेल्या बायकांवर. आपलं वजन उतरेल असा ज्यांना भरवसा होता त्यांचं जास्त उतरलं, पण ज्या मनातल्या मनात नुसती गोड चित्रं रंगवत होत्या, बारीक झालोय, सगळं कसं सोपं जातंय, त्यांचं कमी उतरलं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा धक्काच बसला होता कारण आपल्याला सगळीकडे उलटंच सांगतात, यश डोळ्यांसमोर ठेवा म्हणून. पुढे त्यांच्या प्रयोगांत असंही दिसलं की अशी गोड स्वप्नं बघताना माणसाचं वरचं ब्लड प्रेशर थोडं खाली येतं, म्हणजे कामाला भिडायला शरीर जी तयारी करतं तीच सैल पडते. मेडल मनात मिळून गेलं, मग पहाटे उठायचं कशाला? तुझा अलार्म स्नूझ होतो ना, त्यात ह्याचाही वाटा असणार असं मला वाटतं.

आता माझं सांगते. गुडघ्याचं लिगामेंट तुटून ऑपरेशन झालं तेव्हा मी 44 वर्षांची होते, तोपर्यंत शाळेत पीटी शिकवत होते आणि त्याआधी बरीच वर्षं कबड्डी खेळले होते. पडून पडून मी काय बघायचे तर मैदान, रेड, टाळ्या. दोन महिने गेले आणि माझा पाय जिना चढायला तयार नव्हता. तेव्हा आम्ही नौपाड्यात राहायचो, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, चौथा मजला. मला व्यायाम शिकवायला यायची त्या मुलीनं एक दिवस सांगितलं, ताई, मैदान राहू द्या, फक्त तुमचा जिना बघा, एकेक पायरी. मी डोळे मिटले, पहिला मजला आला, दुसरा आला, तिसऱ्याचं वळण आलं आणि तिथून चित्र एकदम आमच्या दारातच. मधल्या पायऱ्या गायब. तीनदा केलं, तीनदा तेच. मग लक्षात आलं की त्या वळणावर कठडा हलतो, तिथे मला पडायची भीती वाटते आणि ती मी कुणाला सांगितलीच नव्हती, स्वतःलाही नाही. त्यानंतर आठ-दहा दिवस मी फक्त त्या वळणाचंच चित्र काढत राहिले, भिंतीकडून चढायचं, चांगला पाय आधी, हात भिंतीला, आणि मग खरोखरच चढले.

म्हणून तुला सांगते, चित्र जिथे उडी मारतं ना, ती जागा शोध.

पण हे असं ताठ अंगानं जमत नाही. आखडलेल्या अंगाला चित्रही आखडलेलंच दिसतं, आधी अंग सोडायला शिक. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन, त्यांनी ह्यावर आयुष्य घातलं, 1929 साली पुस्तक लिहिलं, आणि त्यांची पद्धत अजून जगभर वापरतात कारण ती अगदी साधी आहे. सैल हो म्हटल्यावर माणूस सैल होत नाही, म्हणून आधी मुद्दाम आवळायचं आणि मग सोडायचं, म्हणजे स्नायूला फरक कळतो. पाठीवर झोप, शवासनासारखं. पायाची बोटं आवळ, पाच-सहा सेकंद, सोड, आणि सोडल्यावर पंधरा-वीस सेकंद नुसतं जाणव की काय सुटलं. मग पोटऱ्या (इथे जपून, जोरात आवळलंस तर गोळा येतो), मांड्या, पोट, मुठी, खांदे कानापर्यंत, जबडा, भुवया. तुझा जबडा मी बघितलाय, लॅपटॉपसमोरून उठलीस तरी दात दाबलेलेच असतात, तिथे जास्त वेळ दे. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, नाकानं, सावकाश, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपसूकच मंद होतात. सुरुवातीला दहा-बारा मिनिटं लागतील आणि दोनतीनदा झोपही लागेल, लागू दे, तू दमलेली आहेस. सवय झाली की दोन-तीन मिनिटांत अंग सुटतं, मग ट्रेनमध्ये सीट मिळाली तर ऐरोली ते ठाण्यापर्यंतसुद्धा होतं, बॅग मांडीवर घट्ट धरून.

मग चित्र. मेडलपासून नाही, बुटाच्या लेसपासून सुरू कर. स्वतःला सिनेमासारखं बाहेरून बघू नकोस, स्वतःच्या डोळ्यांतून बघ, म्हणजे तुला तुझा चेहरा दिसायला नको, रस्ता दिसायला हवा. तलावाकडून येणारा गार वारा, डाव्या बुटात तुला नेहमी टोचतं ते, जंगलाच्या गेटच्या अलीकडे माकडं बसलेली असतात ती, आणि चढ लागला की मांडीत जे भरून येतं ते. वेळही खराच ठेव, चार मिनिटांचा रस्ता चार मिनिटांतच बघायचा, पटापट पुढे ढकलायचा नाही. आणि चौथ्या मिनिटाला दम लागू दे! चित्रात दम लागायलाच हवा. तिथेच ठरव की काय करणार: दम लागला तर मी पावलं छोटी करीन, खांदे सोडीन, श्वास लांब सोडीन आणि पुढच्या झाडापर्यंतच जाईन. "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं आधीच ठरवून ठेवलेलं असलं की ऐन वेळी डोक्याला वाद घालावा लागत नाही.

अमेरिकेचा तो ऑलिम्पिकमधला पोहणारा, मायकल फेल्प्स, हेच करायचा. रोज झोपताना आणि उठल्यावर आख्खी शर्यत मनात, आणि त्यात काय काय बिघडू शकतं तेही. 2008 ला बीजिंगला 200 मीटर बटरफ्लायमध्ये त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, शेवटी भिंत दिसत नव्हती, तो हाताचे स्ट्रोक मोजत पोहला आणि गोल्ड घेतलं, वर्ल्ड रेकॉर्डसकट.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगून ठेवते, कारण रील्समध्ये काहीही दाखवतात. कल्पनेनं चरबी जळत नाही. 1992 साली यू आणि कोल ह्या दोन संशोधकांचा एक प्रयोग आला होता, करंगळीच्या स्नायूवर, चार आठवडे. ज्यांनी खरा व्यायाम केला त्यांची ताकद 30 टक्के वाढली आणि ज्यांनी करंगळी न हलवता नुसता मनात जोर लावला त्यांचीसुद्धा 22 टक्के वाढली. खरंच विलक्षण आहे, पण स्नायू काही फुगला नव्हता, मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम सुधारला होता, आणि शेवटी ती करंगळी होती. तुझं हृदय, फुफ्फुसं आणि पोटऱ्या पळूनच तयार होणार आहेत. आठवड्यात तीन दिवस पळणं, दोन दिवस थोडे स्क्वॉट, झोप, आणि ऑफिसातलं चारचं वडापाव-चहा रोज नको, ह्याला पर्याय नाहीच. आणि छातीत दुखलं, गरगरलं, तर चित्रबित्र काही नाही, थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं. पळायच्या अगदी आधीही दहा मिनिटं शवासन घालू नकोस, अंग मंदावतं, तेव्हा तीन लांब श्वास आणि चढाचं छोटं चित्र पुरे. मोठा सराव रात्री.

तू असंही लिहिलंयस की "मला डोळे मिटल्यावर नीट काही दिसतच नाही". त्याची काळजी करू नकोस. काही लोकांना मनात चित्र अजिबात दिसत नाही, त्याला 2015 मध्ये अफँटेसिया असं नावसुद्धा मिळालं, आणि अशी माणसं व्यवस्थित सगळं करतात. दिसत नसेल तर ऐक आणि जाणव. बुटाचा ओल्या डांबरावरचा आवाज, टाच टेकते कशी, घाम मानेवरून उतरतो कसा. मला स्वतःला जिन्याच्या पायऱ्या पुसटच दिसायच्या पण तळव्याला पायरीची झिजलेली कड मात्र लख्ख कळायची, आणि माझं काम त्याच्यावरच झालं.

असं दिसायचंय म्हणून तू भिंतीवर लावलायस तो परक्या बाईचा फोटो उतरव, तिथे पाहिजे तर चढाचा फोटो लाव.

आज रात्री फक्त अंग सोडायचं, उद्यापासून चित्र. सलग पाच रात्री कर आणि शुक्रवारी मला दोन ओळी पाठव, चित्र कुठे तुटलं एवढंच, गेटपाशी, पहिल्या वळणाला की घरातून निघतानाच. घरातून निघतानाच तुटत असेल तर तेही लिही, लाजू नकोस, मग आपण येऊरचं बाजूला ठेवू आणि दारापासूनच सुरू करू.

तुझी,
मावशी