जुन्या इंग्रजीतील ‘वेर’ आणि आपले वैर

इंग्रजीतल्या चालू आणि वापरातून गेलेल्या शब्दांत डब्ल्यू-ई-आर ही तीन अक्षरे वारंवार आढळतात, तेव्हा त्या सर्वांचे मूळ एकच असावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. तसे नाही. ‘पॉवर’ आणि ‘टॉवर’ हे फ्रेंचमार्गे आलेले शब्द आहेत. नदीवरच्या बंधाऱ्यालाही जुन्या इंग्रजीत ‘वेर’च म्हणत, पण तो शब्द अडवणे या अर्थाच्या धातूपासून स्वतंत्रपणे आलेला आहे. केवळ अक्षरे जुळतात म्हणून या सर्वांना एका कुळात बसवणे म्हणजे वैर आणि वैरण यांची सोयरीक जुळवणे होय.

ज्या ‘वेर’विषयी बोलावे, त्याचा अर्थ पुरुष. लॅटिन ‘विर’ आणि संस्कृत ‘वीर’ ही त्याची सख्खी भावंडे. तेराव्या शतकानंतर हा शब्द इंग्रजीतून सुटा असा नाहीसा झाला. मात्र ‘वर्ल्ड’मध्ये तो अजून दडलेला आहे, कारण त्या शब्दाचे जुने रूप ‘वेर’ आणि वय किंवा युग या अर्थाचा शब्द यांच्या जोडणीतून झाले. ‘वेअरवुल्फ’मधला ‘वेअर’ म्हणजे ‘टू बी’चे भूतकाळी रूप, म्हणून तो ‘एके काळी माणूस असलेला लांडगा’, ही फोड मात्र सतत ऐकू येते आणि ती साफ चुकीची आहे. तो ‘माणूस-लांडगा’ आहे.

या कुळातला खरा मानाचा शब्द ‘वेरगिल्ड’. ठार झालेल्या माणसाच्या जिवाचे मोल म्हणून मारणाऱ्याने त्याच्या नातलगांना द्यावयाची ही भरपाई. वेसेक्स या इंग्लंडमधल्या जुन्या राज्यात सामान्य शेतकऱ्यासाठी ती 200 शिलिंग होती, तर उमरावासाठी 1200. आता आपस्तंब धर्मसूत्र हा आचारनियमांचा प्राचीन संस्कृत ग्रंथ उघडावा. क्षत्रियाला मारल्यास ‘वैरयातना’साठी, म्हणजे वैर फेडण्यासाठी, हजार गायी द्याव्यात, वैश्यासाठी शंभर, शूद्रासाठी दहा, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. आपण ‘वैर’ हा शब्द नुसत्या शत्रुत्वासाठी वापरतो, पण तो ‘वीर’पासूनच बनलेला आहे, आणि माणूस मारल्याने उभे राहणारे देणे हा त्याचा जुना अर्थ येथे अजून जिवंत दिसतो.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात काही काळ शिकवलेले जर्मन संस्कृतपंडित गेओर्ग ब्यूलर यांनी आपल्या 1879 च्या भाषांतरात या गायी पापक्षालनासाठी ब्राह्मणांना द्यावयाच्या, असा अर्थ केला. तो मला मुळीच मान्य नाही; या गायी म्हणजे मृताच्या जिवाची भरपाईच होय. त्याच ठिकाणी पुढे प्रत्येक प्रकरणी एक बैल ‘प्रायश्चित्तार्थ’ अधिक द्यावा, असे वेगळे सांगितले आहे; गायीच प्रायश्चित्ताच्या असत्या, तर सूत्रकाराने, जो एक अक्षरही वाया घालवत नाही, बैलाचे प्रयोजन निराळे का नोंदवले असते? ब्राह्मण हा शब्दही मूळ सूत्रात नाही, तो भाषांतरकाराने कंसात घातलेला आहे. जर्मन वेदपंडित रुडॉल्फ रोट यांनी 1887 साली वेदांतील वेरगिल्डवर लेख लिहिला, आणि या वादात मी नि:संशय त्यांच्या बाजूचा आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका देवतेकडे ‘शतदाय वीर’ मागितला आहे. त्याचा ‘शंभर देणारा’ असा अर्थ लावणारे लावोत, माझ्या मते तो ‘ज्याच्या जिवाचे मोल शंभर गायी आहे असा पुत्र’ हाच आहे.